गरुड, गिधाड आणि दोन पहारेकरी

दादा आणि वहिनी आमच्याकडे हेलसिंकीला येऊन गेले, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहेच. (फोटो बघून बघून कंटाळला असाल!) हेलसिंकीहून मोठ्या फेरीबोटीने साधारण दोन तासांत टॅलिनला पोचता येतं. टॅलिन म्हणजे एस्टोनियाची राजधानी. सकाळी जायचं, संध्याकाळी परत यायचं. वहिनींना तिथलं जुनं गाव बघायचं होतं. दगडी तट, बुरूज, चर्चेस सगळं यथासांग झालं. मग दादा म्हणाला, "आता तुला काय दाखवायचं असंल ते दाखव."

मला काय, एवढंच हवं होतं. मी दोघांना थेट पाणबुडीत नेऊन बसवलं.

माझं हे वेड नवीन वाचणाऱ्यांना माहीत नसेल. वर्षातले कितीतरी महिने इथे चार वाजता अंधार पडतो, मग माणूस काहीतरी धरून वाचत बसतं. कोणी विणकाम करतं, मी बाल्टिक समुद्रातल्या पाणबुड्या वाचते. नवरा म्हणतो, निदान लोकर तरी स्वस्त पडली असती. असो.

टॅलिनच्या बंदरात विमानांसाठी बांधलेली एक जुनी शेड आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातली, काँक्रीटचे प्रचंड घुमट असलेली. त्याखाली आता म्युझियम आहे आणि आत 'लेंबिट' नावाची पाणबुडी ठेवली आहे. 1936 साली इंग्लंडमध्ये बांधलेली, जेमतेम साठ मीटर लांबीची. तिची जुळी बहीण 'कालेव'. एस्टोनियाच्या नौदलाचा हा सगळा पाणबुडी विभाग, दोन नग! त्यासाठी त्यांनी 1933 मध्ये आपल्या दोन विनाशिका पेरू देशाला विकल्या आणि लोकांकडून वर्गणी काढली. कालेव 1941 मध्ये बुडाली. लेंबिट मात्र 2011 पर्यंत पाण्यावर होती, मग तिला ओढून वर घेतली.

आत शिरलं की पहिली गोष्ट जाणवते ती ही, की माणसांसाठी इथे जागाच ठेवलेली नाही. जागा आहे ती इंजिनांना, बॅटऱ्यांना आणि टॉर्पेडोंना. माणसं उरलेल्या फटींमध्ये. वहिनींनी एका बंकवर हात ठेवून विचारलं, "इथं झोपायचे? पाय कुठं करायचे?" आपल्याकडे विशाखापट्टणमला 'कुरसुरा' बघितली असेल तर कल्पना येईल, पण ती हिच्यापुढे वाडा वाटेल.

बाहेर येऊन बाकावर बसलो, थर्मासमधला चहा काढला आणि मी दादाला दुसऱ्याच एका पाणबुडीची गोष्ट सांगितली. ती या म्युझियममध्ये नाही. ती कुठे आहे हेच कोणाला माहीत नाही. पण 1939 च्या सप्टेंबरमध्ये ती याच शहराच्या बंदरात चार रात्री होती, आणि पाचवा दिवस उजाडायच्या आत पळून गेली.

तिचं नाव 'ओझेऊ'. पोलिश भाषेत गरुड. हीसुद्धा दोन बहिणींपैकी एक. दुसरीचं नाव 'सेंप', म्हणजे गिधाड. (आपण कोणी बोटीला गिधाड म्हणणार नाही. पण जटायू म्हटलं की लगेच बरं वाटतं, नाही का?) पोलंडचा समुद्रकिनारा तेव्हा एवढासा, आणि शेजारी जर्मनी आणि रशिया. तरीही पोलिश लोकांनी समुद्राच्या संरक्षणासाठी निधी काढला, शाळेतल्या पोरांपासून सगळ्यांनी पैसे घातले, आणि त्या पैशांच्या मदतीने हॉलंडमध्ये या बोटी बांधून घेतल्या. ओझेऊ फेब्रुवारी 1939 मध्ये ग्दिनिया बंदरात आली तेव्हा धक्क्यावर माणसांचा समुद्र होता. सेंपचं प्रकरण निराळं. युद्ध तोंडावर आलेलं, डच गोदीतलं काम रेंगाळतंय, हे बघून पोलिश खलाशांनी चाचणी चालू असतानाच एप्रिलमध्ये बोट सरळ घराकडे वळवली. डच कामगार आतच! स्वतःचीच बोट पळवून आणण्याचा असा प्रसंग विरळाच.

या बोटी म्हणजे लहानशा नौदलाच्या मानाने मोठं धाडस होतं. 84 मीटर लांब, वजन अकराशे टन, बारा नळ्या, वीस टॉर्पेडो, साठेक माणसं. बाल्टिक समुद्र सरासरी पन्नास-पंचावन्न मीटर खोल. म्हणजे उभी केली तर बोट पाण्याच्या वर डोकावेल, अशातला प्रकार. आणि त्या काळच्या सगळ्याच पाणबुड्यांची एक अडचण हिलाही होती. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून ते फक्त पाण्यावर चालवायचं. खाली गेलं की बॅटरीवर. बॅटरी संपत आली की पुन्हा वर येऊन डिझेलवर चार्ज करायची. त्यामुळे खरं बघितलं तर ती पाण्याखाली राहणारी बोट नव्हतीच. अधूनमधून लपू शकणारी बोट होती. दिवसा लपायचं, रात्री श्वास घ्यायला वर यायचं. वर शत्रूची विमानं आणि जहाजं फिरत असली की तो श्वासही चोरून घ्यायचा.

1 सप्टेंबर 1939 ला जर्मनीने हल्ला केला. पोलंडच्या पाच पाणबुड्यांना किनाऱ्याजवळच्या ठरलेल्या पट्ट्यांत थांबायचे हुकूम होते. तिथे जर्मन जहाजांनी त्यांना नुसतं भंडावून सोडलं. सेंपने दुसऱ्याच दिवशी एका जर्मन विनाशिकेवर टॉर्पेडो सोडला, तो चुकला, आणि मग पाणसुरुंगांचा असा मारा झाला की बोट गळायला लागली. शेवटी ती स्वीडनला गेली आणि तिथे सरकारने तिला युद्ध संपेपर्यंत अडकवून ठेवलं.

ओझेऊचा कप्तान हेन्रिक क्वोच्कोव्स्की आजारी पडला. बोटीचा कॉम्प्रेसरही बिघडला होता. 14 सप्टेंबरच्या रात्री ती टॅलिनला आली. एस्टोनिया तटस्थ देश. तटस्थ बंदरात लढणाऱ्या देशाच्या जहाजाला एक दिवसापेक्षा जास्त थांबता येत नाही, आणि त्याच बंदरातून शत्रूचं व्यापारी जहाज निघालं तर त्यानंतर चोवीस तास सोडताही येत नाही. नेमकं एक जर्मन जहाज निघायच्या बेतात होतं. नियमांच्या या कात्रीत बोट सापडली, आणि दुसऱ्या दिवशी एस्टोनियाने तिला ताब्यात घेतलं. कप्तान इस्पितळात. नकाशे गेले, तोफेचे भाग गेले, टॉर्पेडो एकेक करून उतरवायला सुरुवात झाली.

कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी यान ग्रुजिन्स्की, वय बत्तीस. त्याने पळायचं ठरवलं. टॉर्पेडो उतरवणारी यारी अचानक नादुरुस्त झाली, म्हणजे केली गेली, त्यामुळे काही टॉर्पेडो आतच राहिले. बोट बांधलेले दोर गुपचूप अर्धवट कापून ठेवले. लहान होडीतून मासे धरायचं निमित्त करून बंदराच्या तोंडापर्यंत पाणी किती खोल आहे तेही मोजून झालं.

18 सप्टेंबरच्या पहाटे बोटीवरच्या दोन एस्टोनियन पहारेकऱ्यांना धरून आत बांधलं. बंदरातले दिवे गेले. दोर तोडले, मोटारी चालू केल्या. तोवर सर्चलाईट फिरायला लागले आणि मशीनगनचा मारा सुरू झाला. बंदराच्या तोंडाशी बोट वाळूत रुतली. विचार करा, मागून गोळ्या आणि पुढे वाळू! कशीबशी ती मोकळी झाली, खोल पाण्यात शिरली आणि तळाशी जाऊन बसली. वर दिवसभर शोध चालू होता.

इथपर्यंत मी मोठ्या रंगात येऊन सांगत होते. ही गोष्ट तशीच सांगायची असते. पुढचं तर आणखी रंगतदार. नकाशे नाहीत. पण दीपगृहांची यादी आतच राहून गेली होती. कोणता दिवा कुठे, कसा लुकलुकतो. त्यावरून मोकर्स्की नावाच्या अधिकाऱ्याने कोऱ्या कागदावर बाल्टिक समुद्राचा नकाशा काढला. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. दिव्यांच्या यादीवरून समुद्र! त्या नकाशावर ते तीन आठवडे फिरले, जर्मन जहाजं शोधत. पिण्याचं पाणी संपत आलं तेव्हा डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या उथळ सामुद्रधुनीतून, जिथे बुडी मारायलासुद्धा पाणी नाही, रात्रीचे निसटले. 14 ऑक्टोबरला स्कॉटलंडच्या किनाऱ्यापाशी ब्रिटिश विनाशिका 'व्हॅलरस' त्यांना घ्यायला आली.

दादाने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "आणि त्या दोन पहारेकऱ्यांचं काय झालं गं?"

ग्रुजिन्स्कीबद्दल त्याने काही विचारलं नाही, नकाशाबद्दलही नाही.

दादाचं घरातल्यांना माहीत आहे. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते, त्याला विचारूनच लिहिते आहे. तो एका पतसंस्थेत होता. एका शनिवारी त्याच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस काहीएक रक्कम घेऊन पसार झाला, तेव्हा तिजोरीची एक किल्ली दादाकडे होती. चौकशी चार वर्षं चालली. दादा त्यातून स्वच्छ सुटला, पण ती चार वर्षं आईने देवळात जायचं सोडलं होतं. तो पळालेला माणूस कुठे गेला, कसा गेला याची गावात पुढे चवीने गोष्ट होत असे. बसस्टँडवर म्हणे मिशी काढून बसला होता. दादा ती गोष्ट ऐकायचा आणि उठून जायचा.

तर पहारेकरी. सुदैवाने मला हे माहीत होतं.

बोट निसटल्यावर जर्मन आणि एस्टोनियन वर्तमानपत्रांनी जाहीर करून टाकलं की पोलिश खलाशांनी पहारेकऱ्यांना मारलं. खुनी म्हणून बोभाटा झाला. ते ओझेऊवर रेडिओत ऐकू आलं. ते दोघं तर जिवंत, जेवूनखाऊन होते! मग 21 सप्टेंबरला स्वीडनच्या गॉटलंड बेटाजवळ ग्रुजिन्स्कीने त्यांना एका होडीत बसवून किनाऱ्याकडे पाठवलं. अंगावर घालायला कपडे, खाणं, परतीच्या तिकिटाला पैसे, आणि असं सांगतात की व्हिस्कीची एक बाटलीसुद्धा. खलाशांचं म्हणणं असं, की मेलेल्या लोकांतून परत जाणाऱ्या माणसाने प्रवास पहिल्या वर्गानेच केला पाहिजे.

वहिनी हसल्या. दादाही थोडा हसला. "चांगलं केलं," म्हणाला. "पण नोकरी?"

पोटापाण्याच्या बाजूने हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. एवढं सांगता आलं की एस्टोनियाच्या नौदलप्रमुखाला या प्रकरणात पद सोडावं लागलं. आणि मग जे सांगायचं मी टाळत होते, तेही सांगावं लागलं.

24 सप्टेंबरला एस्टोनियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल सेल्टर व्यापारी करार करायला मॉस्कोला गेले होते. तिथे मोलोतोवने त्यांच्यापुढे ओझेऊ काढली. तुमच्या बंदरातून एक पोलिश पाणबुडी पळून जाते, म्हणजे तुम्हाला तुमचं बंदर सांभाळता येत नाही, म्हणजे आमच्या जहाजांना धोका, म्हणजे आम्हाला तुमच्या देशात तळ हवेत. अशी ती सरळ रेघ. काही दिवसांतच एक सोव्हिएत जहाज अज्ञात पाणबुडीने बुडवल्याची बातमीही मॉस्कोने दिली, आणि बोट अर्थातच ओझेऊकडे दाखवलं. 28 तारखेला करार झाला, पंचवीस हजार सोव्हिएत सैनिक एस्टोनियात येऊन बसले. पुढच्या जूनमध्ये देशच गिळला गेला. त्याच्या पुढच्या जूनमध्ये, 1941 ला, सुमारे दहा हजार माणसं मालगाड्यांत भरून रशियात पाठवली गेली.

"म्हणजे या पळाल्या म्हणून ते बुडाले," दादा म्हणाला.

तसं नाही. मी त्याला हे बराच वेळ समजावत होते, आणि तुम्हालाही सांगते, कारण इथे घोटाळा सहज होतो. हिटलर आणि स्टालिन यांच्या माणसांनी 23 ऑगस्टलाच गुप्त कलम लिहून एस्टोनिया रशियाच्या वाट्याला टाकला होता. बोट टॅलिनला यायच्या तीन आठवडे आधी. ओझेऊ नसती तर मोलोतोवला दुसरं काहीतरी सापडलं असतं. लांडगा आणि कोकराची गोष्ट आहे ना, पाणी गढूळ कोणी केलं, तसं. ग्रुजिन्स्कीचा यात दोष नाही.

दादा म्हणाला, "दोष नाही. पण निमित्त त्याचंच झालं की नाही?"

झालं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि हे लिहितानाही नाही. त्या बोटीतल्या साठ माणसांना पळायचा हक्क होता असंच मला वाटतं. 17 सप्टेंबरला, म्हणजे ती पळाली त्याच्या आदल्या दिवशी, रशियाने पूर्वेकडून पोलंडमध्ये सैन्य घातलं होतं. त्यांचा देश दोन्हीकडून चालला होता. बसून कशाची वाट बघायची? पण बंदर काही पळू शकत नाही. बंदराला तिथेच राहावं लागतं.

मला इतकी वर्षं ही निसटून जाणाऱ्यांची गोष्ट म्हणूनच आवडत आली, हे तिथे बाकावर बसल्यावर लक्षात आलं. मीही कोल्हापुरातून निसटलेलीच. बाबांचं आजारपण, घराची कौलं, ती पतसंस्था, सगळं दादाने बघितलं. मी दर रविवारी फोन केला.

कोल्हापूर म्हटल्यावर एक सांगायलाच हवं. पूर्व पोलंडमधून रशियनांनी सैबेरियात आणि कझाकस्तानात नेलेली माणसं 1941 नंतर सुटली, इराणमार्गे बाहेर पडली, आणि त्यांतली पाचेक हजार, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 आपल्या वळिवड्याच्या कॅम्पात राहिली. आजी सांगायची ना, बाजारात गोऱ्या बायका मराठीत भाव करायच्या, त्याच या. दादाला ती गोष्ट पाठ होती. पण ओझेऊ पळाली तो आठवडा आणि त्या बायकांच्या मुलखात रशियन सैन्य शिरलं तो आठवडा एकच, हे त्याला नवीन होतं.

आणि त्याच वाटेने आणखी एक माणूस आला होता, तो इस्पितळात राहिलेला कप्तान क्वोच्कोव्स्की. एस्टोनिया गेल्यावर तो रशियनांच्या हाती लागला, छावणीत राहिला, मग पोलिश सैन्याबरोबर बाहेर पडून इंग्लंडला पोचला. तिथे 1942 मध्ये त्याच्याच नौदलाने त्याच्यावर खटला भरला. शत्रूसमोरून पळ काढला, आजाराचं सोंग केलं, असे आरोप. त्याला कप्तानाचा साधा खलाशी केलं आणि चार वर्षांची शिक्षा सुनावली, युद्धानंतर भोगायची. त्याने नंतर व्यापारी जहाजांवर काम केलं आणि 1962 मध्ये अमेरिकेत वारला. तो खरंच आजारी होता की घाबरला होता यावर पोलंडमध्ये अजून वाद होतात. माझं मत विचाराल तर, घाबरलेला माणूस आजारीच असतो.

ओझेऊचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. ब्रिटिशांबरोबर ती उत्तर समुद्रात गस्त घालू लागली. 8 एप्रिल 1940 ला नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्याजवळ तिने 'रिओ दि जानेरो' नावाचं जर्मन जहाज बुडवलं. वरून दिसायला मालवाहू, आतून गणवेशातले सैनिक निघाले. नॉर्वेच्या कोळ्यांनी त्यांना पाण्यातून काढलं तेव्हा ते बोलून गेले की आम्ही बर्गनला चाललो होतो. बातमी राजधानीत पोचली, पण वेळेवर हालचाल काही झाली नाही. दुसऱ्या दिवशी नॉर्वेवर हल्ला झाला.

23 मे 1940 ला ओझेऊ रोसाइथहून पुन्हा निघाली आणि परत आली नाही. ग्रुजिन्स्की, मोकर्स्की, सगळे. 8 जूनला ती गेली असं धरलं गेलं. सुरुंग लागला असेल, किंवा ब्रिटिश विमानानेच चुकून बाँब टाकला असेल, असेही तर्क आहेत. पोलंडमधली हौशी मंडळी 2014 पासून वर्षामागून वर्ष समुद्राचा तळ चाळतायत. मी हे लिहिते आहे तोवर तरी ती सापडल्याची बातमी नाही. एरिक सोपोच्को नावाचा तरुण अधिकारी त्या शेवटच्या फेरीआधी दुसरीकडे गेला होता, म्हणून वाचला. त्याने 1942 मध्ये या बोटीवर पुस्तक लिहिलं आणि 1943 मध्ये 'ओर्कान' या विनाशिकेबरोबर तोही बुडाला.

आणि गिधाड? सेंपला कोणी फारसं विचारत नाही. ती स्वीडनमध्ये सहा वर्षं बांधून होती, 1945 मध्ये घरी गेली आणि 1969 पर्यंत नोकरी करत राहिली. 1959 साली पोलंडमध्ये ओझेऊवर सिनेमा निघाला तेव्हा ओझेऊ कुठून आणणार? तिचं काम सेंपनेच केलं. पळून गेलेल्या बहिणीचं काम मागे राहिलेल्या बहिणीने. हे ऐकून दादा मात्र मोकळेपणी हसला.

परतीच्या फेरीत आत मोठं दुकान असतं. फिनलंडची माणसं ट्रॉल्या भरभरून दारू नेतात. वहिनी चॉकलेटं बघत होत्या. दादा, जो आयुष्यात प्यायला नाही, व्हिस्कीच्या कपाटापुढे हात मागे बांधून उभा. मी जवळ गेले तर म्हणाला, "त्या दोघांना यातली कुठली दिली असंल गं?"